रंगाआधीचं काम

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा कोकण आणि गोव्याच्या खाड्यांवर रंगाचा हंगाम सुरू झालेला असेल. पाऊस ओसरला, हवेतला दमटपणा जरा उतरला, की बार्ज, फेरीबोटी आणि टग एकामागून एक गोदीत ओढल्या जातात. मे संपायच्या आत जेवढ्या होतील तेवढ्या आटोपायच्या असतात. गोदीवरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतं ते शेवटचं: तांबडं बूड, निळी कूस आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नव्याने घातलेलं नाव. मला लिहायचं आहे ते त्याच्या आधीच्या कामाबद्दल. खाऱ्या पाण्यातलं लोखंड किती वर्षं टिकणार, याचा निकाल बहुतेक वेळा रंगाचा डबा फोडण्यापूर्वीच लागलेला असतो. आणि नेमक्या त्याच कामाला आपल्याकडे सगळ्यांत कमी पैसा, कमी वेळ आणि कमी मान मिळतो.

जुवारी नदीच्या काठावरच्या एका गोदीत खनिज वाहणारी एक जुनी बार्ज लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. बुडाचा भाग तुलनेनं बरा होता. खरी दुर्दशा होती ती पाण्याच्या रेषेच्या वर-खाली, हात-दोन हात रुंदीच्या पट्ट्यात. हा पट्टा कधी भिजतो, कधी वाळतो, त्याला मीठही मिळतं आणि भरपूर हवाही मिळते, म्हणून लोखंड तिथं सगळ्यांत जास्त खाल्लं जातं. दोन पोरं छिन्नीच्या तोंडाच्या हातोड्यांनी तो पट्टा ठोकत होती. गंजाचे पोपडे थराथरांनी सुटून खाली पडत. एक पोपडा मी उचलला. करंगळीएवढा जाड, कडेनं पाहिलं तर पापुद्र्यावर पापुद्रा, आणि पत्र्याला चिकटलेली बाजू काळसर आणि ओली. वरून खडखडीत वाळलेला आणि आतून ओला. एवढा जाड पोपडा निघाला म्हणजे तेवढा पत्रा गेला असं नव्हे, कारण गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. पण गेलेलं लोखंड परत येत नाही हेही खरं.

दुपारनंतर त्या पट्ट्यावर ग्राइंडरला लावलेला तारांचा ब्रश फिरला आणि पत्रा चकाकायला लागला. मला तो रंगायला तयार वाटला. फोरमन म्हणाले, "डोळ्याला साफ दिसतोय ना? उद्या सकाळी या, मग सांगा."

सकाळी त्या चकाकत्या पत्र्यावर केशरी ठिपके उमटले होते. सगळीकडे सारखे नव्हते. जिथं पत्र्याला बारीक खड्डे पडले होते तिथं ते दाट होते, आणि काही खड्ड्यांच्या तोंडाशी घामासारखे थेंब धरले होते. फोरमननी एका खड्ड्यात पोकराचं टोक घालून फिरवलं, आतून काळा चिखल निघाला. "हे मीठ," ते म्हणाले. "आता ह्याच्यावर जगातला सगळ्यांत महाग इपॉक्सी मारा. वर्षभरात फोड येणार."

त्या खड्ड्यात नेमकं चाललेलं असतं ते समजून घेण्यासारखं आहे. लोखंड गंजतं ती एक विद्युतरासायनिक क्रिया आहे. पत्र्याच्या एका जागी लोखंड विरघळतं आणि इलेक्ट्रॉन सोडतं, जवळच्याच दुसऱ्या जागी हवेतला ऑक्सिजन आणि पाणी ते घेतात, आणि दोन्ही जागांमधलं खारं पाणी वीज वाहून नेण्याचं काम करतं. खड्ड्याच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून तिथं लोखंड विरघळत राहतं आणि मिठातला क्लोराइड त्याच्याकडे ओढला जातो. लोखंड आणि क्लोराइडचा जो क्षार बनतो तो पाण्याशी मिसळून आम्ल तयार करतो. ते आम्ल आणखी लोखंड खातं, आणि क्लोराइड पुन्हा मोकळा होतो. या सगळ्या व्यवहारात मीठ खर्चच होत नाही. चिमूटभर मीठ वर्षानुवर्षं पत्रा पोखरत राहू शकतं. तारांच्या ब्रशनं गंज निघतो, हे मीठ निघत नाही. उलट ब्रश खड्ड्यांच्या तोंडावर धातू घासून त्यांना चकाकी आणतो आणि आतला माल झाकून टाकतो.

रंग पाणी अडवतो, ही आपली सगळ्यांची समजूत. माझीही होती. केंब्रिजमधले संशोधक जे. ई. ओ. मेन यांनी १९५० च्या आसपास हिशेब मांडून दाखवला, की रंगाच्या थरातून जेवढं पाणी आणि ऑक्सिजन आत झिरपतात तेवढे उघडं लोखंड गंजायलासुद्धा पुरून उरतील. तरीही रंगाखालचं लोखंड टिकतं, ते मुख्यतः रंगाचा थर विद्युतभारित कणांना, म्हणजे विरघळलेल्या क्षारांना, सहजासहजी वाट देत नाही म्हणून. मंडल पुरं होत नाही, गंज थांबतो. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की फोरमनच्या बोलण्यातलं शास्त्र उघड होतं. ज्या मिठाला बाहेर अडवायचं तेच आपण आत ठेवून वरून दार लावलं, तर दार कितीही भक्कम असून उपयोग काय? शिवाय आतलं मीठ रंगातून पाणी ओढून घेतं. थराखाली पाणी साठतं, दाब वाढतो आणि फोड उठतात.

म्हणून चांगल्या कामात पत्रा गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतात, वाळवतात, साफ करतात, पुन्हा धुतात. मीठ राहिलं का ते मोजायची रीतही सोपी आहे. ब्रेसल नावाच्या स्वीडिश संशोधकाच्या नावानं ओळखली जाणारी एक छोटी चिकटपट्टी पत्र्याला लावायची, तिच्या पोकळीत सुईनं शुद्ध पाणी सोडायचं, ते घोळवून परत ओढायचं आणि त्यातून वीज किती वाहते ते बघायचं. समुद्रगामी जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं डिसेंबर २००६ मध्ये जो दंडक घालून दिला, त्यात चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मीठ चालत नाही. रंगाची एकूण जाडी ३२० मायक्रॉन आणि अपेक्षित आयुष्य १५ वर्षं. खाडीतल्या बार्जला हा दंडक लागू नाही. पण आपली खाडी तिच्या लोखंडाला काही सवलत देत नाही.

आता रंगाबद्दल. अरल्डाइटच्या दोन नळ्या कुणाच्या घरात आलेल्या नाहीत? तुटलेला कान, निखळलेली मूठ, सगळं त्यानं जोडलेलं असतं. गोदीतले दोन डबे म्हणजे त्याच रसायनाचं मोठं भावंड. १९३० च्या दशकात जर्मनीत पाउल श्लाक आणि स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान हे वेगवेगळ्या वाटांनी इपॉक्सीपाशी पोचले. कास्तान तर दातांच्या कामासाठी पदार्थ शोधत होते. पुढं सिबा कंपनीनं १९४६ मध्ये स्वित्झर्लंडच्या औद्योगिक मेळ्यात अरल्डाइट लोकांपुढं आणलं. लोखंडाला घट्ट धरणं, आखडण्याचं प्रमाण कमी आणि खाऱ्या पाण्याला, तेलाला दाद न देणं, या तीन गुणांनी इपॉक्सी जहाजांच्या रंगात शिरला तो कायमचा.

एका डब्यात बेस, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनरला विरजण समजण्याची चूक सर्रास होते: गार हवा असली की जरा जास्त, ऊन तापलं की जरा कमी. विरजण नावापुरतं घातलं तरी दही लागतं, कारण त्यातले जिवाणू वाढत जातात. हार्डनर वाढत नाही. त्याच्या एकेका रेणूला बेसमधल्या ठरावीक रेणूंशी बांधलं जायचं असतं, आणि त्या बांधणीतूनच घट्ट जाळं तयार होतं. हार्डनर कमी पडला तर बेसचा काही भाग कायमचा मऊ राहतो. जास्त झाला तर उरलेला हार्डनर थरात मोकळा पडून राहतो आणि पाणी ओढतो. डब्यावर चारास एक लिहिलं असेल तर चारास एकच, मापानं. गोदीत अर्धा डबा कालवायची वेळ आली की जो माणूस मापाचं भांडं शोधायला जातो त्याच्यावर बाकीचे वैतागतात. तोच माणूस बरोबर असतो.

कालवल्यावर घड्याळ सुरू होतं. ही क्रिया उष्णता सोडते, उष्णतेनं क्रिया आणखी वेगानं होते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्म्यावर येतो. एप्रिलच्या उन्हात मोठ्या बादलीत कालवलेला रंग अर्धा संपायच्या आत धरवत नाही इतका तापतो, वाफाळतो आणि दगड होतो. अशा वेळी थिनर ओतून तो सैल करण्याचा मोह होतो. सैल होतोही, पण जे जाळं आधीच बांधलं गेलं आहे ते पत्र्याला पुन्हा धरत नाही.

हवेचाही एक हिशेब आहे. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान तीन अंश वर हवं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली तर दवबिंदू २६ च्या जरासा वर जातो, म्हणजे पत्रा २९ च्या पुढं हवा. खाडीकाठच्या पहाटे तो तसा नसतो; हात फिरवला तर तळवा ओला होतो. म्हणून सकाळी दहाच्या आधी आणि ऊन कलल्यावर रंग मारायचा नाही, असा त्या गोदीतला शिरस्ता. संध्याकाळच्या दमट हवेत मारलेल्या थरावर एक तेलकट, चिकट पापुद्रा येतो. हार्डनर हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून तो बनतो. तो धुऊन काढल्याशिवाय दुसरा हात दिला तर दोन थरांमध्येच फूट पडते. गोड्या पाण्यानं तो सहज निघतो, पण तो आहे हे कळायला बोट फिरवावं लागतं.

पत्रा साफ करण्याची सगळ्यांत खात्रीची रीत म्हणजे ब्लास्टिंग: दाबाच्या हवेबरोबर कणीदार माल पत्र्यावर आदळवायचा. सफाईच्या पायऱ्या स्वीडनमध्ये छायाचित्रांवरून ठरल्या आणि पुढं आंतरराष्ट्रीय मानकात गेल्या. त्यातली 'एसए टू अँड हाफ' ही पायरी रंगाच्या प्रत्येक माहितीपत्रकावर छापलेली असते. तेवढी सफाई झाली म्हणजे पत्र्यावर फिकट डागांपलीकडे काही उरत नाही, आणि रंगाला धरायला खरखरीत पोत मिळतो. पण ब्लास्टिंगला कॉम्प्रेसर लागतो, आडोसा लागतो, तांब्याच्या भट्टीतली कणीदार मळी लागते आणि पैसा लागतो. एके काळी त्यासाठी नदीची वाळू वापरत. तिच्या धुळीनं फुप्फुसं दगडावतात हे कळल्यावर ब्रिटननं १९४९ च्या नियमांनी वाळू बंद केली. आपल्याकडे आजही कुठं आडबाजूला वाळू वापरली जात असेल तर ती बघणाऱ्यानं गप्प बसू नये. तो रोग बरा होत नाही.

ब्लास्टिंग परवडत नाही तिथं गंजाशी जुळवून घेणारे इपॉक्सी मॅस्टिक वापरतात. हे घट्ट असतात, एका हातात जाड थर देतात, आणि मुरून उरलेल्या चिवट गंजात शिरून त्याला ओलं करू शकतात. पुष्कळांत ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे घातलेले असतात. ते थरात एकावर एक आडवे बसतात आणि आत शिरणाऱ्या पाण्याला वळसे घालायला लावतात. उपयोगी माल आहे. पण 'गंजावर चालतो' या दोन शब्दांनी जेवढं नुकसान केलं तेवढं वाईट रंगानं केलं नसेल. त्याचा अर्थ घट्ट चिकटलेल्या, कोरड्या, मीठ धुतलेल्या गंजावर चालतो, एवढाच. पोपड्यावर मारलेला मॅस्टिक पोपड्याला धरतो, आणि पोपडा पत्र्याला सोडतो. गंज निळा-काळा करणारी औषधंही मिळतात. वरच्या थरावर ती काम करतात, खड्ड्याच्या तळातल्या मिठापर्यंत पोचत नाहीत.

त्या बार्जवर पहिला हात देण्याआधी एक म्हातारा रंगारी नुसता ब्रश घेऊन फिरत होता. वेल्डिंगच्या रेषा, पत्र्याच्या धारा, रिंगांच्या मागची बाजू, कोपरे, एवढंच रंगवत होता. पसरट पत्र्याला हातही लावत नव्हता. रंग सुकताना धारेवरून मागं सरकतो आणि तिथंच सगळ्यांत पातळ राहतो, म्हणून धारांना आधी वेगळा हात द्यायचा. गोदीत याला स्ट्राइप कोट म्हणतात. स्प्रे वेगानं होतो, पण कोपऱ्याच्या आत शिरतो तो ब्रशच. तो रंगारी प्रत्येक रेषेवर ब्रश दोन्ही दिशांनी दाबून फिरवत होता. मी विचारलं, काका, इतका वेळ मिळतो का? म्हणाले, "मिळत नाही. मी घेतो."

मिळत का नाही, याचं उत्तर कागदावर आहे. मी पाहिलेल्या कामांच्या कागदांत रंगाचं नाव, कोटांची संख्या आणि चौरस मीटरचा दर असतो. सफाईसाठी एक ओळ असते: पृष्ठभाग व्यवस्थित स्वच्छ करून. ती सफाई कुठल्या पायरीची, मीठ किती चालेल, कोण बघणार, रंग सुरू करण्याआधी कोणाची सही लागेल, हे लिहिलेलं नसतं. मग ठेकेदाराला वाचवता येण्यासारखी एकच गोष्ट उरते ती म्हणजे सफाईचे दिवस. रंगाची जाडी नंतर एल्कोमीटर टेकवून मोजता येते, म्हणून ती पाळली जाते. रंगाखाली काय आहे ते एल्कोमीटर सांगत नाही. या व्यवहारात कुणी एक खलनायक शोधण्यात मला रस नाही. पण दर ठरवणाऱ्यानं सफाई आणि धुणं हे स्वतंत्र काम म्हणून लिहावं, त्याचा स्वतंत्र दर द्यावा आणि तपासणारा माणूस पहिल्या कोटाआधी उभा करावा, एवढ्यानं फार फरक पडेल.

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं खाणकाम थांबवलं. २०१४ मध्ये बंदी उठली, फेब्रुवारी २०१८ च्या निकालानं ८८ लीज रद्द झाल्या आणि मार्चमध्ये काम पुन्हा बंद पडलं. मांडवी-जुवारीच्या बार्ज नांगरून पडल्या. चालती बार्ज गंजते तेव्हा कुणीतरी तिच्याकडे बघत असतं. पडून राहिलेलीच्या तळात पावसाचं पाणी साठतं, खनिजाच्या धुळीचा चिखल होतो आणि पत्रा आतूनही जातो. उत्पन्न नाही म्हणून रंग नाही, रंग नाही म्हणून पत्रा पातळ, आणि काम परत सुरू झालं तेव्हा पत्रेच बदलायची पाळी. रंगानं पत्र्याची जाडी वाढत नाही. आधी अल्ट्रासोनिक गेजनं जाडी मोजायची, आणि जिथं ती उरली नाही तिथं कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, हाच उपाय. सिकेरी-कांदोळीच्या किनाऱ्यावर जून २००० मध्ये रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस हे खनिजवाहू जहाज दशकाहून जास्त काळ तिथंच कुजत होतं. सोडून दिलेल्या लोखंडाचं काय होतं, ते पाहायला गोवेकरांना लांब जावं लागलं नाही.

लांबची दोन उदाहरणं मात्र सांगायला हवीत. स्कॉटलंडमधला फोर्थचा रेल्वेपूल १८९० चा. त्याची रंगरंगोटी कधी संपतच नाही अशी म्हण पडली होती. २००२ ते २०११ या काळात पुलाचा एकेक भाग आच्छादून, शतकभराचे थर ब्लास्टिंगनं उतरवून, उघड्या पोलादावर प्रायमर, काचेच्या पापुद्र्यांचा इपॉक्सी आणि वर पॉलियुरेथेन असा रंग दिला गेला. निदान २५ वर्षांची आशा त्यातून धरली आहे. आपल्याकडे रामेश्वरचा पांबन पूल १९१४ मध्ये सुरू झाला आणि खाऱ्या वाऱ्याशी शतकभर झगडला. उघडणाऱ्या भागाच्या गंजामुळं डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरची वाहतूक थांबवावी लागली, आणि एप्रिल २०२५ मध्ये शेजारच्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं. त्याच्या पोलादावर पॉलिसिलोक्सेनचा लेप आहे. वरचा थर असा वेगळा लागतो, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही. तो पिवळा पडतो, पिठूळ होतो, बोट फिरवलं की खडूसारखं हाताला लागतं.

त्या हातांबद्दलही लिहायला हवं. न घट्ट झालेला इपॉक्सी कातडीला लागत राहिला की काही जणांच्या शरीराला त्याचं वावडं निर्माण होतं. बोटांच्या बेचक्यांत चट्टे, खाज, भेगा. एकदा ते लागलं की पुढं नुसत्या वासानंही चेहरा सुजू शकतो, आणि त्या माणसाचा धंदाच सुटतो. सुती हातमोजे रंग शोषून कातडीला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा नसलेले बरे. नायट्राइलचे लागतात, आणि ते फाटले की बदलावे लागतात. सर्वांत वाईट म्हणजे दिवसअखेर थिनरनं हात धुणं, कारण थिनर रंगाला कातडीच्या आत नेतो. गोदीच्या नळापाशी थिनरचा डबा दिसला, तर तिथं साबण आणि चिंधी ठेवून तो उचलून न्यावा. बंद टाकीत काम असेल तर हवा खेळवणारा पंखा आणि तोंडाशी उभा माणूस, यात तडजोड नको. जुन्या बोटींवरचा शेंदरी शिशाचा रंग कोरडा घासू नये, ती धूळ विष आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकाच्या दारात गंजलेलं फाटक असतंच, म्हणून थोडं त्याबद्दल. जुना ऑइल पेंट पूर्ण उतरवा. त्याच्यावर इपॉक्सी मारला तर त्यातला थिनर खालचा रंग सुरकुतवतो. पोपडे ठोकून काढा, भरपूर गोड्या पाण्यानं घासून धुवा, वाळू द्या, तारेच्या ब्रशनं किंवा पॉलिश पेपरनं घासा आणि पुन्हा धुवा. रात्र जाऊ द्या. सकाळी केशरी ठिपके दिसले तर धुणं पुरेसं झालेलं नाही, पुन्हा करा. नुसत्या रेड ऑक्साइडवर विसंबू नका. त्यातला तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचाच, तो गंजाला अडवत नाही. बेस आणि हार्डनर दोन्ही आधी वेगवेगळे ढवळा, तळाशी बसलेलं वर आणा, मग मापानं, अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा. आधी धारा आणि सांधे, मग सळ्या. दुसरा हात डब्यावर दिलेल्या मुदतीत द्या. मुदत उलटली तर पॉलिश पेपर फिरवल्याशिवाय देऊ नका. वर उन्हासाठी पॉलियुरेथेनचा एक हात द्या. तो ब्रशनंच मारा, स्प्रे करू नका, कारण त्याच्या हार्डनरचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो. उरलेलं मिश्रण मूळ डब्यात परत ओतू नका, बादलीतही साठवू नका. टाकाऊ पत्र्यावर पातळ पसरून ठेवा, आणि पूर्ण घट्ट झाल्यावर मग टाका.